तीनशे चाळीस ग्रॅम

वजनकाटा आम्ही बाजारातून उसना आणला,
चीज विकणाऱ्या मानानाचा.
त्याच्या ताटलीला अजून खारट, ओलसर वास आहे
आणि तिच्यावर आता विरी उभं आहे.

विरी म्हणजे आमच्या भाषेत गाढव.
नाव गेगानं ठेवलं, पहिल्याच दिवशी
ते वर्गाच्या उंबऱ्यापाशी अडून बसलं तेव्हा.
चार चाकं, एक हात,
दोन डोळे, त्यातला एक नुसताच शोभेचा,
आणि पोटात बॅटरी.
बॅटऱ्या मी सांभाळते. दुसरं काही करत नाही.
कुठली कधी भरली, किती वेळात दमली,
थंडीत कोण आधी गारठते,
सगळं माझ्या चौकटीच्या वहीत आहे.
सात नंबरची खोटं बोलते.
भरले म्हणते, आणि दोन मिनिटांत मान टाकते.

उद्या पहाटे पाचला निघायचं,
रिकोतीचा घाट ओलांडून तिबिलिसीला.
नियम पंचवीस किलोंचा. वर गुंजभरही नको.
काटा म्हणतो: सव्वीस, आणि शंभर ग्रॅम.

थोडा वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
मग प्रत्येकानं दुसऱ्याच्या कामाकडे पाहिलं.

नुत्सा म्हणाली, हाताची पट्टी जाड आहे.
लाशा म्हणाला, हात मी केलाय,
आधी तारा बघा, वीतभर लोंबतायत.
तारा नुत्साच्या.
गेगा म्हणाला, बॅटरी लहान घेऊ या.
मी वही मिटली.
एवढंच केलं. पुरलं.

झाउर मास्तर खिडकीशी चहा पीत होते.
ट्रकच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी लेथ चालवलं.
कारखाना बंद पडला, लेथ भंगारात गेलं,
हात यांच्याकडे राहिले.
"भोकं पाडा," म्हणाले.
"भोकांनी धातू दुबळा होत नाही.
चुकीच्या जागच्या भोकांनी होतो."
आणि खडूनं पट्टीवर गोल काढत गेले,
सावकाश,
जणू प्रत्येक जागेला आधी विचारून.

ॲल्युमिनियमचा चुरा भुवयांत, कॉलरमध्ये, चहात.
साडेअकराला वीज गेली.
मी सात नंबरला दिवा जोडला, म्हटलं बघू,
आणि ती जळली, पस्तीस मिनिटं,
एकदाही मान न टाकता.
वहीत लिहून ठेवलं. खाली रेघ मारली.

रात्री एक. पुन्हा काटा.
पंचवीस किलो, तीनशे चाळीस ग्रॅम.

तीनशे चाळीस ग्रॅम म्हणजे काय,
एक टपोरं डाळिंब.
लाशानं शोभेचा डोळा काढून तळहातावर तोलला,
हसू आलं त्याला, परत बसवला.

विरीच्या कपाळावर पितळेची पाटी आहे.
शाळेचं नाव, द्राक्षवेलीसारखी वळणावळणाची आमची अक्षरं,
मास्तरांनी तीन आठवडे कानशीनं घासून काढलेली.
ती आम्हां चौघांनाही दिसत होती.
चौघंही दुसरीकडे बघत होतो.

मास्तरांनी पेला खाली ठेवला.
स्क्रू ड्रायव्हर मागितला नाही, खिशातच होता.
चार स्क्रू.
पाटी काट्यावर ठेवली: तीनशे बावन्न.
"बारा ग्रॅम उरले की," म्हणाले,
आणि ती कोटाच्या खिशात टाकली.
कोट एका बाजूनं खाली ओढला गेला.

आता घाट चढतोय. काचांवर धुकं.
विरी मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलेलं,
चाळणीसारख्या हाताचं, उघड्या कपाळाचं.
यादीत नसलेली सात नंबरची
माझ्या मांडीवर, मफलरमध्ये गुंडाळून.

बोगद्यातून बाहेर पडताना गेगा एकदम म्हणाला,
"मानानाचा काटा जास्तच दाखवतो ना?
सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.
आई तर तिथं चीज घेतच नाही."

कुणी काही बोललं नाही.
लाशानं बोटांवर हिशोब सुरू केला, मध्येच सोडला.
पुढच्या सीटवर झाउर मास्तर
बाहेर बघत होते,
उजवा हात कोटाच्या खिशात.